परड्यातली शेड आणि आतली कडी



गेल्या रविवारी मंदिरातून बाहेर पडताना एका वैनींनी मला हटकलं. "काय ग, घरात एवढ्या खोल्या असताना तू म्हणे परड्यातल्या शेडमध्ये बसतेस? भांडण-बिंडण झालं की काय?" मी नुसती हसले. पायरीवर उभं राहून, एका हातात चप्पल धरून काय काय सांगणार? पण तो प्रश्न घरी येईपर्यंत डोक्यातून गेला नाही. याआधीही चार-पाच जणींनी विचारलंय. कुणी काळजीनं, कुणी उत्सुकतेनं, आणि दोघींनी अगदी हळू आवाजात, "खर्च किती आला ग?" म्हणून आज सगळंच लिहिते, खर्चासकट.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. घरात बसून काम करणाऱ्या बाईला दार असलेली जागा हवी. नुसता कोपरा किंवा टेबल पुरत नाही, दार हवं. आणि ते मागताना तिला लाज वाटायचं काही कारण नाही.

मी हिशेबाचं काम करते हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. आठ-दहा लहान व्यापाऱ्यांच्या वह्या माझ्याकडे असतात, त्यांचं जीएसटीही मीच भरते. ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांना दर महिन्याची ११ आणि २० तारीख म्हणजे काय ते सांगायला नको. हे काम मी नऊ वर्षं जेवणाच्या टेबलावर केलं. एकीकडे लॅपटॉप, दुसरीकडे निवडायला घेतलेली मेथी. कुकरची शिट्टी, अण्णांच्या टीव्हीवरच्या बातम्या, दारात कुरियरवाला, "अग जरा बघ की," "अग इथं ठेवलेला चष्मा कुठं गेला?" घरात कुणी वाईट नाही. कुणी मुद्दाम त्रास देत नाही. पण टेबलाशी बसलेली बाई ही सगळ्यांना रिकामीच दिसते.

दोन वर्षांपूर्वीची एक २० तारीख. संध्याकाळचे साडेपाच वाजलेले. आपल्याकडे जेवण सूर्यास्ताच्या आत, म्हणजे बाकीच्या जगाची ऑफिसं ऐन घाईत असतात तेव्हाच आपल्या स्वयंपाकघरातही ऐन घाई. तव्यावर भाकरी, मागून कुणीतरी मीठ विचारतंय, आणि मी एका हातानं आकडे भरतेय. ८६,००० च्या जागी ६८,००० पडले. भरलेलं विवरणपत्र मागे घेता येत नाही. चूक चार महिन्यांनी सापडली तेव्हा राहिलेला १८,००० चा कर आणि वर्षाला १८ टक्क्यांनी त्यावरचं व्याज भरावं लागलं. व्याज हजार-अकराशेच झालं. ते मी माझ्या पैशातून भरलं. पण ते व्यापारी अगदी मोठ्या मनानं मला म्हणाले, "राहू दे हो ताई, घरी बसून काम म्हटल्यावर असं व्हायचंच."

हजार रुपये मी विसरले. ते वाक्य अजून विसरले नाही.

त्याच रात्री मला एक गोष्ट लक्षात आली, आणि नऊ वर्षं ती कशी दिसली नाही याचं नवल वाटलं. आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे आई म्हणतो, रोज सकाळी सामायिकाला बसतात. दोन घटका, ४८ मिनिटं. त्या वेळात आमच्या घरात काय होतं? टीव्ही बंद. अण्णा पेपरचं पान उलटतात तेही आवाज न करता. दूधवाला बेल वाजवत नाही, त्यालाही सवय झालीय. आत्याचा फोन आला तर माझा धाकटा कुजबुजत्या आवाजात सांगतो, "आजी सामायिकात आहे, नंतर कर." आईंना कुणी चष्मा विचारत नाही. मीठ विचारत नाही. आभाळ कोसळलं तरी ४८ मिनिटं थांबून मग कोसळेल, असा सगळा मामला.

म्हणजे शांतता कशी द्यायची हे आमच्या घराला येतं. पिढ्यान्‌पिढ्या येतं. फक्त ती कामाला द्यायची असते हे कुणाला सुचलेलं नाही.

कुणी गैरसमज करून घेऊ नका. हिशेब म्हणजे सामायिक नव्हे. तिथं समता, इथं जमा आणि नावे. तिथं सगळं सोडून बसायचं, इथं एक पैसाही सोडायचा नाही. मी दोन्ही एका पाटावर मांडत नाही. पण मन एका जागी बांधायचं तर त्याला मध्येच कुणी हाक मारू नये, हे दोन्हीकडे खरं आहे ना?

आता शेडबद्दल. जयसिंगपूर शाहू महाराजांनी आखून वसवलेलं, रस्ते काटकोनात आणि गल्ल्यांना नंबर. आमचं घर जुनं, म्हणून मागं परडं शिल्लक आहे. परड्यात १० बाय १२ फुटांची शेड, विटांच्या भिंती आणि वर पत्रा. पूर्वी तो गोठा होता. गाय गेली तेव्हापासून तिथं अडगळ. मी घरात विषय काढला तेव्हा यजमान म्हणाले, "त्यापेक्षा वरची खोली घे की." वरच्या खोलीतूनच गच्चीचा रस्ता. म्हणजे कपडे वाळत घालणारी, पापड वाळवणारी, टाकी बघणारा, सगळे माझ्या पाठीमागून जाणार. अण्णा म्हणाले, "पत्र्याखाली भाजून निघशील पोरी." आणि आई एवढंच म्हणाल्या, "तिथं नको."

"का हो आई?"

"नको म्हटलं ना."

कारण सांगितलं नाही. मीही ताणलं नाही. मला वाटलं, सुनेनं घराबाहेर बसायचं, चार लोक काय म्हणतील, असं काहीतरी असेल. माझा अंदाज चुकला होता, पण ते पुढं सांगते.

चातुर्मासात ओलीमुळं जीवजंतू फार, तेव्हा अडगळ हलवायची नाही असं ठरवलं आणि दिवाळी झाल्यावर शेड उघडली. मैत्रिणींनो, काय काय निघालं म्हणून सांगू! एक पाय गेलेली लोखंडी खाट. तांब्याचा बंब. दोन पाळणे. गाईची गव्हाण. २०१९ च्या महापुरात शिरोळकडच्या पाहुण्यांनी आणून ठेवलेलं आणि परत न नेलेलं एक कपाट. लग्नातल्या आहेराचे न उघडलेले चार डबे. आणि सगळ्याच्या खाली, पोत्यात गुंडाळलेलं अण्णांच्या वडिलांचं सागवानी टेबल. दशलक्षणात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी प्रवचन ऐकून आपण माना डोलावतो, आणि घरी येऊन तीन पायांची खाट तीस वर्षं जपतो. परिग्रह फक्त तिजोरीत असतो असं थोडंच आहे! बहुतेक वस्तू गरजूंना दिल्या, मोड होती ती भंगारात गेली. टेबल तेवढं ठेवलं. शेड रिकामी झाल्यावर अण्णा आत जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "एवढी मोठी होती होय ही?"

मग गवंडी आला आणि पहिल्याच दिवशी परत गेला. भिंत आणि पत्र्याच्या मधल्या फटीत पारव्यानं घरटं केलं होतं, आत दोन अंडी. अंड्यातून पिल्लं यायला साधारण अठरा दिवस आणि ती उडायला आणखी महिनाभर. यजमान म्हणाले, "तुझ्या ऑफिसला तुझ्याआधी भाडेकरू मिळाले." दीड महिना काम थांबलं. गवंड्याला आधी हसू आलं, नंतर तोच रोज येता-जाता डोकावून सांगायचा, "वैनी, आज पंख फुटल्यात बघा." पिल्लं उडाल्यावरच फट बुजवली.

वाळवीचा प्रश्न जास्त अवघड होता. गव्हाणीच्या लाकडाला आणि दाराच्या चौकटीला लागलेली. औषध मारायचा सल्ला सगळ्यांनी दिला. आम्ही वेगळं केलं. मातीला टेकलेल्या लाकडाला वाळवी सहज लागते, तेव्हा असं लाकूडच ठेवायचं नाही. जुनं लाकूड जाळलं नाही, शेताच्या बांधाला नेऊन टाकलं. जमीन काळी, म्हणजे पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी, म्हणून वरची माती काढून मुरूम भरून चोपला, त्यावर काँक्रीट आणि कोटा फरशी. चौकट लोखंडी. एकही जीव गेला नाही असा माझा दावा नाही. बांधकाम म्हटलं की आरंभी हिंसा आलीच, ती गृहस्थाला चुकत नाही. पण जेवढी टाळता येते तेवढी टाळायला अक्कल आणि सवड लागते, बाकी काही नाही.

आता ज्यांना खरंच असं काही करायचं आहे त्यांच्यासाठी थोडं तपशिलात सांगते. शेडचे शत्रू दोन, ऊन आणि आवाज.

उन्हाचं मूळ पत्र्यात. चैत्र-वैशाखात दुपारी आत हात वर केला तर तव्याची धग लागायची. आम्ही तीन गोष्टी केल्या. पत्र्याला वरून पांढरा, ऊन परतवणारा रंग दिला. पत्र्याखाली फूटभर जागा सोडून सिमेंट बोर्डचं आढं केलं, आणि त्या मधल्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळीची तोंडं ठेवली, म्हणजे तापलेली हवा बाहेर पडते. जाळी बारीक घ्या. पाखरू किंवा खार आत शिरून घर करणार आणि मग आपण त्यांना हुसकणार, त्यापेक्षा मुळात शिरूच नये ही सोय बरी. तिसरं म्हणजे आढ्यावर रॉकवूलचा थर. नावात लोकर असली तरी घाबरू नका, ती मेंढीची नसते. दगड वितळवून त्याचे धागे काढतात. हाताळताना मात्र हातमोजे आणि तोंडाला फडकं हवं, आणि वरून सगळीकडून झाकून घ्यायची. हाच थर पावसाळ्यात उपयोगी पडतो. पत्र्यावर पाऊस पडला की आत ताशा वाजल्यासारखं व्हायचं. आता पाऊस आला हे कळतं, एवढंच.

आवाजाबद्दल सगळ्यांचा एकच समज असतो, तो माझाही होता, की भिंतीला काहीतरी मऊ चिकटवलं की आवाज थांबतो. पुण्याहून आलेला पुतण्या म्हणाला, "काकू, सोपं आहे, भिंतीला अंड्याचे ट्रे लावून टाक. सगळे तेच करतात." आई समोर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून त्याच्याकडं असं बघितलं, की पोरगं उठून पाणी प्यायला गेलं. पण मैत्रिणींनो, गंमत अशी की आपल्याला जे धर्मानं चालत नाही ते इथं कामालाही येत नाही. अशा हलक्या वस्तूनं बाहेरचा आवाज अडत नाही. खोलीत आपलाच आवाज घुमतो, तो थोडा कमी होतो, बस्स.

बाहेरचा आवाज अडवायला दोन गोष्टी लागतात, वजन आणि फट नसणं. जिथून हवा येते तिथून आवाज येतो. आमच्या नऊ इंची विटांच्या भिंतीत वजन होतं. घोटाळा सगळा फटींचा होता. पत्र्याच्या नागमोडीखालची फट, दाराखालची बोटभर जागा, खिडकीचं न बसणारं झाकण. पत्र्याखालची फट सिमेंटनं बुजवली, दार आतून पोकळ नसलेलं, जड घेतलं, चौकटीला रबराची पट्टी मारली आणि दाराखाली उंबरा केला. एवढ्यानंच मिक्सर आणि टीव्ही बाहेर राहिले. कोल्हापूर-मिरज गाडीचा भोंगा अजून ऐकू येतो, पण तो मला आवडतो. राहिला घुमणारा आवाज. फोनवर बोलताना विहिरीतून बोलल्यासारखं व्हायचं. त्यावर आईंच्या जुन्या सुती लुगड्यांच्या दोन वाकळी भिंतीवर टांगल्या. घुमणं गेलं, आणि खोलीला रंगही आला.

वायरमनकडून दोन गोष्टी हट्टानं करून घ्या. घरातल्याच प्लगवरून लांब वायर ओढायची नाही. मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन, तिला स्वतःचा ट्रिप होणारा स्विच आणि अर्थिंग. पत्र्याच्या शेडमध्ये अर्थिंग नसणं म्हणजे जिवाशी खेळ. दुसरं, वायफाय तीन भिंती ओलांडून येत नाही, मग दर पाच मिनिटांनी आपण मोबाइल घेऊन परड्यात फिरतो. एक लॅन केबल ओढली की काम झालं. ती १०० मीटरपर्यंत चालते, आमचं अंतर २२ मीटर. फक्त ती विजेच्या वायरीच्या पाइपातून न्यायची नाही, वेगळ्या पाइपातून न्यायची.

खर्च आता. पत्रा, रंग आणि आढं ३८,०००. जमीन आणि गिलावा २४,०००. दार-खिडकी १७,०००. वीज आणि नेट १३,०००. सागवानी टेबलाला पॉलिश २,५००. एकूण ९४,५००. सगळे पैसे माझ्या कामातून साठवलेले. आमच्याच एक नातेवाईक म्हणाल्या, "एवढ्यात एक बरी बांगडी झाली असती." झाली असती. पण बांगडी घालून २० तारीख निभत नाही.

आता ती राहिलेली गोष्ट.

दार बसवायच्या दिवशी सुतारानं विचारलं, "कडी कुठं लावू? बाहेरून लावतो, म्हणजे कुलूप घालायला बरं." मी काही बोलायच्या आत पाठीमागून आवाज आला, "कडी आतून लाव. बाहेरून नको." वळून बघते तर आई. इतके महिने काम चालू होतं, त्या एकदाही परड्यात फिरकल्या नव्हत्या. सुतार जेवायला गेल्यावर त्या आत आल्या. भिंतीवरची स्वतःची लुगडी बघितली. मग खिडकीच्या डाव्या बाजूचा कोपरा दाखवून म्हणाल्या, "इथं बसायची मी."

लग्न होऊन आल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. महिन्याचे चार दिवस त्यांना इथं बसवायचे. या टोकाला गाय, त्या टोकाला त्या. "दार नव्हतं ग. पोत्याचा पडदा होता. ताट बाहेरून सरकवायचे. कोण येतंय, कोण बघतंय, काही कळायचं नाही, म्हणून रात्री झोप लागायची नाही. पावसात तर पत्रा असा वाजायचा, की रडलं तरी कुणाला ऐकू जाऊ नये. तू इथं हौसेनं बसणार म्हणालीस, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला."

मला काय बोलावं सुचेना. सतरा वर्षं मी या घरात आहे आणि त्या शेडपुढून रोज जात होते. त्या दिवसांचे नियम पाळावेत की नाही, किती पाळावेत, यावर हा लेख नाही. आमच्या घरात आता कुणाला कुठं बसवत नाहीत, ते आईंनीच बंद केलं. माझी धाकटी जाऊ आली त्या वर्षी त्यांनी सांगून टाकलं होतं, "या घरातली सून परड्यात बसणार नाही." मला ती गोष्ट ठाऊक होती, कारण ठाऊक नव्हतं.

त्या रात्री मला स्वतःचीच शंका यायला लागली. म्हणजे मी तरी काय करतेय? एका बाईनं महत्प्रयासानं सुनांना परड्यातून घरात आणलं, आणि मी आपण होऊन पुन्हा परड्यात निघाले. घरातल्या घरात मला जागा का मागता येऊ नये? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये यजमानांचं ऑफिस घरी आलं, तेव्हा दुसऱ्याच दिवशी तीच वरची खोली त्यांच्यासाठी रिकामी झाली. कुणी चर्चा केली नाही, कुणी ठराव केला नाही. कपडे वाळत घालायला आम्ही बायका पाऊल न वाजवता जायचो. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही, आणि खरं सांगते, तेव्हा मलाही वाटलं नाही.

हे मी दुसऱ्या दिवशी त्यांना बोलून दाखवलं. भांडण म्हणून नव्हे. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वरची खोली घे. गच्चीला बाहेरून लोखंडी जिना करू." खोली मिळत होती. पण तोवर मला माझं उत्तर सापडलं होतं. मला शेडच हवी होती. कारण परडं वाईट नव्हतं, परड्यात बसवणं वाईट होतं. कुणीतरी बाहेर ठेवल्यामुळं मिळालेला एकांत आणि आपण आत जाऊन घेतलेला एकांत, दोन्हीकडे चार भिंती त्याच असतात. कडी कुठल्या बाजूला आहे तेवढाच फरक, आणि तो आईंना माझ्याआधी कळला होता.

म्हणून मैत्रिणींनो, माझं मत मी जरा दुरुस्त करून सांगते. सगळ्यांनी शेड बांधा असं मी म्हणत नाही. "ती मागं बसते, तिचं आपलं चालू असतं काहीतरी," असं घराला म्हणता यावं म्हणून कुणी तुम्हाला मागं पाठवत असेल तर जाऊ नका, पुढच्या खोलीत टेबल मांडा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना परडं कुठलं? तिथं बेडरूमचं दार चार तास बंद राहिलं तरी पुरे. पण दार बंद आहे याचा अर्थ सगळ्या घराला माहीत हवा. आमच्याकडे मी तो सोप्या शब्दांत सांगितला, "शेडचं दार लागलं की मी सामायिकात आहे असं समजा." पोरांना लगेच कळलं. मोठ्यांना आठवडा लागला.

घर मोडतं का यानं? ज्यांना ही काळजी आहे त्यांना सांगते. सकाळी १० ते १ आणि दुपारी अडीच ते ५ दार बंद. पाच वाजता मी बाहेर, पदर खोचून स्वयंपाकाला. उलट आता मी स्वयंपाकघरात असते तेव्हा खरंच तिथं असते, डोक्यात कुणाचं बिल घोळत नसतं. महिन्याच्या २० तारखेला संध्याकाळचा स्वयंपाक यजमान आणि थोरला मिळून करतात. मुगाची खिचडी आणि ताक, दर महिन्याला तेच. मीठ कधी जास्त, कधी कमी, पण सूर्यास्ताच्या आत ताटं वाढलेली असतात. त्यांना ते जमतं हे कळायला आम्हाला वीस तारीख लागली, एवढंच.

आणि ही काही नवी, शहरी मागणी नव्हे. बायकांना बसून शिकायला, चार अक्षरं वाचायला स्वतःची जागा लागते, हे आपल्याच समाजातल्या मगनबाईंनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. स्वतः कमी वयात विधवा झालेल्या या बाईंनी मुंबईत श्राविकाश्रम काढला. आपण त्यांना महिलारत्न म्हणतो, त्यांचं नाव आदरानं घेतो. मग घरातल्या सुनेनं एक दार मागितलं तर "लाड" का म्हणायचं?

खर्चाची बाजूही सांगते. गेल्या वर्षभरात माझ्याकडे चार नवे व्यापारी आले. एकही आकडा उलटा पडला नाही. ते "घरी बसून" म्हणणारे गृहस्थ परवा कागद द्यायला आले, शेडमध्ये बसले, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाले, "ताई, हे तर ऑफिस झालं की!" मी म्हटलं, "हो. घरातच आहे."

दुपारी १ ते अडीच शेड रिकामी असते. म्हणजे असायची. गेल्या चातुर्मासात एक दिवस जेवण झाल्यावर आई हातात शास्त्राचं पुस्तक घेऊन म्हणाल्या, "तू आता काम करणार नाहीस ना तासभर? मग मी बसू का ग तिथं? घरात दुपारी नुसता गलका." मी किल्ली दिली. त्या परड्यातून हळूहळू चालत गेल्या. मी ओट्याशी भांडी आवरत होते. दार लागलं, आणि मग आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

तेव्हापासून रोज दुपारी ती वेळ त्यांची. अडीच वाजून गेले तरी मी दार वाजवत नाही. थांबते. त्यांचं झालं की त्या बाहेर येतात.

तुमच्या घरात असं एखादं दार आहे का, नक्की कळवा. आणि खर्च हळू आवाजात विचारणाऱ्या त्या दोघींनी एकदा शेड बघायलाच या. चहा दिवस मावळायच्या आत मिळेल.

जय जिनेंद्र.